सुपर व्हिसाचा विमा स्वस्तात उरकू नका

कॅनडाच्या सुपर व्हिसावर (तिथं स्थायिक झालेल्या मुलांच्या आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) आई-वडिलांना नेताना ‘सगळ्यात स्वस्त पॉलिसी घ्या’ असा सल्ला एका लेखात वाचला; मला तो धोक्याचा वाटतो. आरोग्य विम्याचं किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर, निदान एक वर्षाची मुदत, एवढ्यावर व्हिसाची अट भागते. क्लेम अडतो तो दुसरीकडेच. जुना आजार ठरावीक काळ, बऱ्याच पॉलिसींत 90 ते 180 दिवस, ‘स्टेबल’, म्हणजे आजारात वा उपचारात बदल न झालेला, असावा लागतो; आणि गोळीचा डोस बदलला तरी तो स्टेबल धरत नाहीत.

नागपूरला धरमपेठेत आमच्या शेजारच्या काकूंची बीपीची गोळी निघायच्या महिनाभर आधी 5 मिलिग्रॅमची 10 झाली. डॉक्टरांनी योग्यच केलं, पण एजंटनं औषधांचं काही विचारलंच नव्हतं. बारीक अक्षरातलं ते कलम काकूंसोबत बसून वाचलं तेव्हा जीव धसकला. शेवटी मुलानं जास्त हप्ता भरून ही अट सैल असलेली पॉलिसी घेतली.

आणि हो, भारतातला मेडिक्लेम बंद करू नका. परत आल्यावर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.