यंदा प्लेऑफ नको, थेट वर जाऊया

शनिवारी आमच्या कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबचं ७-१ झालं. सात! लंडनच्या क्यूपीआरला घरच्या ग्राउंडवर सात आणि त्याच्या आधीच्या शनिवारी डर्बी काउंटीला त्यांच्या ग्राउंडवर ५-३, म्हणजे लागोपाठ दोन मॅचमध्ये बारा गोल. आज (२५ ऑगस्ट २०२५) बँक हॉलिडे आहे, बुधवारी गणपती, हॉलमध्ये मखराचा थर्माकोल नाही (इथे आता पुठ्ठ्याचंच करतो) पण पुठ्ठे, गोंद, सगळा पसारा पडलाय आणि मी ते सोडून टाइप करत बसलोय, कारण काल कॉलेजच्या ग्रुपवर एकाने परत तेच विचारलं की अरे एवढा इंग्लंडमध्ये राहतोस, ॲस्टन व्हिला शेजारी आहे, लिव्हरपूल मँचेस्टर गाडीने दोन अडीच तास, आणि तू कॉव्हेंट्री कॉव्हेंट्री काय करत असतोस, ती प्रीमियर लीगमध्ये तरी आहे का?

नाही. २००१ पासून नाही. त्याचंच सांगायचंय.

मी इथे आलो २०१७ च्या शेवटी, व्हिटलीच्या ऑफिसला, दोन वर्षांसाठी म्हणून. आमच्यासारखे पिंपरी चिंचवडचे इथे बरेच आहेत, टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हापासून हा रस्ता सुरू झाला. माझे बाबा टेल्कोत ३१ वर्षं होते, त्यामुळे घरात गाड्यांचंच वातावरण, आणि इथे शेजारी जे आजोबा राहतात (आम्ही घरात त्यांना आजोबाच म्हणतो) ते जग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात होते. पहिल्याच आठवड्यात कचऱ्याचे बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे हे सांगायला आले आणि बाबा काय करतात विचारलं, मी म्हटलं ट्रक बनवायचे, झालं, तासभर दारात उभे राहून गिअरबॉक्सवर बोलत होते. जानेवारीत म्हणाले शनिवारी माझ्याबरोबर चल. ६ जानेवारी २०१८, एफए कपची मॅच, समोर स्टोक सिटी म्हणजे तेव्हाची प्रीमियर लीगची टीम आणि आम्ही चौथ्या डिव्हिजनमध्ये. चौथ्या! आणि २-१ जिंकलो. ग्रिमर म्हणून राइट बॅक होता त्याने डाव्या पायाने गोल मारला आणि आजोबांनी माझा हात एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी दुखत होता. मला तोपर्यंत ऑफसाइड सोडून काही विशेष माहिती नव्हतं असं नाही, मी बालेवाडीला पुणे एफसी बघायला जायचो, पण त्या दिवशी जे आत गेलं ते अजून बाहेर आलेलं नाही.

हा क्लब कारखान्याचा आहे हे मला नंतर कळलं. १८८३ मध्ये सिंगर सायकलच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला, नावच सिंगर्स एफसी, कॉव्हेंट्री सिटी हे नाव १८९८ मध्ये आलं. विचार करा, आकुर्डीच्या किंवा टेल्कोच्या शॉपफ्लोअरवरच्या पोरांनी शिफ्ट सुटल्यावर टीम काढली आणि सव्वाशे दीडशे वर्षांनी अख्खं शहर तिच्यासाठी रडतंय. सिंगर गेली, ट्रायम्फ गेली, ब्राउन्स लेनला गाड्या बनणं २००५ मध्ये थांबलं, पुढच्या वर्षी रायटनचा प्यूजोचा कारखाना बंद झाला. आणि २००५ मध्येच क्लबने हायफील्ड रोडचं जुनं ग्राउंड सोडलं, जिथे १८९९ पासून खेळत होते. आजोबा सांगतात की त्या एका वर्षात माझी नोकरीची जागा आणि शनिवारची जागा दोन्ही गेल्या. आकुर्डीचा बजाजचा प्लांट बंद झाला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या काकांचा चेहरा मी पाहिलाय, त्यामुळे ते काय म्हणतात ते मला कळतं.

आजोबा सतरा वर्षांचे असताना १९६७ मध्ये मॅनेजर जिमी हिलच्या टीमला पहिल्यांदा टॉप डिव्हिजनमध्ये जाताना बघायला त्या ५१ हजारांच्या गर्दीत होते, वुल्व्ह्जविरुद्धची मॅच. तिथून ३४ वर्षं टीम वरच्या डिव्हिजनमध्ये राहिली. १९८७ ला वेम्बलीवर टॉटनहॅमला ३-२ हरवून एफए कप आणला, हूचनचा तो डाइव्ह मारून केलेला हेडर इथे पाच वर्षांच्या पोरालासुद्धा माहीत असतो. मग २००१ ला व्हिला पार्कवर २-० पुढे असताना ३-२ हरलो आणि खाली. आणि खाली म्हणजे किती खाली जाता येतं ते पुढच्या सोळा वर्षांत दिसलं.

यातला सगळ्यात वाईट भाग २०१३ चा. क्लबच्या तेव्हाच्या मालकांचं आणि स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीचं भाड्यावरून भांडण, कोर्टकचेऱ्या, आणि शेवटी टीम घरच्या मॅच खेळायला नॉर्थहॅम्प्टनला नेली. पन्नास पंचावन्न किलोमीटर. म्हणजे पिंपरीची टीम आणि होम मॅच लोणावळ्याच्याही पलीकडे! इकडे ३२ हजार सीटचं स्टेडियम रिकामं आणि तिकडे जेमतेम दोन अडीच हजार लोक. बऱ्याच लोकांनी ठरवलं की तिकीट काढायचं नाही, त्या मालकांना एक पौंड द्यायचा नाही, पण टीमला एकटं पण सोडायचं नाही, मग ते त्या ग्राउंडच्या बाहेर एक टेकाड आहे तिथे उभे राहून मॅच बघायचे. आजोबा पण. पावसात, थंडीत, अर्धं ग्राउंड दिसायचं, तरी दर पंधरा दिवसांनी. मी हे ऐकलं तेव्हा मला वारीला जाणारी आमची आजी आठवली, मंदिरात आत जायला नाही मिळालं तर कळसाला हात जोडून यायची आणि दर्शन झालं म्हणायची.

टीम २०१४ ला परत आली, २०१९ ला परत भांडण, परत दोन सीझन बाहेर, यावेळी बर्मिंगहॅमला. मी त्या पहिल्या सीझनला तिकडे ट्रेनने जायचो. आणि त्याच सीझनला लीग वन, म्हणजे तिसरी डिव्हिजन, जिंकलो, कोविडमुळे मॅच अर्धवट राहिल्या आणि पॉइंटच्या सरासरीवर पहिले आलो, ट्रॉफी मिळाली तेव्हा स्टेडियममध्ये कुणी नाही, आम्ही गल्लीत आपापल्या दारात उभे राहून थाळ्या वाजवल्या.

आता मला पुणे एफसीबद्दल बोलू द्या, कारण ग्रुपवर विचारणारा तो मित्र आणि मी बरोबरच बालेवाडीला जायचो आणि तो हे विसरलाय. २००७ ला क्लब निघाला, दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला, आय लीगमध्ये मोठ्या मोठ्या टीमना नडला, आणि २०१५ ला बंद. संपलं. नंतर एफसी पुणे सिटी, ती पण २०१९ ला गेली. आम्ही काय केलं? फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या आणि लिव्हरपूल बघायला लागलो. आमच्याकडे उभं राहायला टेकाड नव्हतं आणि खरं सांगायचं तर तेवढी सवय पण लागली नव्हती, आठ वर्षांत कुठे लागणार. २०२५ च्या या उन्हाळ्यात तर भारतात टॉपची लीगच होल्डवर गेली, खेळाडूंना पगार मिळणार की नाही कळत नव्हतं. म्हणून मी कॉव्हेंट्री कॉव्हेंट्री करतो. माझ्या शहराचा क्लब मरताना मी गप्प बसलो आणि इथे मला अशी माणसं भेटली की ज्यांनी क्लब मरू दिला नाही.

बरं, यंदाचं.

आमची डिव्हिजन चॅम्पियनशिप, प्रीमियर लीगच्या लगेच खालची. यंदा (२०२५-२६) तिच्यात २४ टीम, ४६ मॅच, पहिल्या दोन थेट वर प्रीमियर लीगमध्ये, तीन ते सहा नंबरवाले प्लेऑफ खेळतात आणि त्यातली एक वर. मला प्लेऑफ नकोय. २०२३ ला आम्ही तिथून वेम्बलीवर गेलो, ल्यूटनबरोबर १-१, आमच्या हॅमरने बरोबरी केली तेव्हा मी पोरीला खांद्यावर घेतलं होतं, आणि पेनल्टीत ६-५ ने गेलो. शेवटची पेनल्टी डाबोची बारवरून गेली. त्या पोराला त्या रात्री सोशल मीडियावर वंशद्वेषी शिव्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी इथे जो तो त्याच्याबद्दल प्रेमाने बोलत होता ते पण मी पाहिलं. २०२४ ला एफए कपच्या सेमीफायनलला मँचेस्टर युनायटेडपुढे ०-३ वरून ३-३ केलं, एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी आमच्या टॉर्पने चौथा मारला, सगळे वेडे झाले, आणि व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीने, बुटाच्या टोकाएवढ्या ऑफसाइडवर काढून घेतला, मग परत पेनल्टी, परत हरलो. आणि या मे महिन्यात प्लेऑफच्या सेमीफायनलला संडरलंड. घरी १-२, दुसरा गोल तर आपल्याच बॅकपासच्या चुकीवर. तिकडे जाऊन १-० करून सगळं बरोबरीत आणलं आणि एक्स्ट्रा टाइमच्या जादाच्या दुसऱ्या मिनिटाला, १२२ व्या मिनिटाला, कॉर्नरवरून बॅलार्डचा हेडर. दोन वर्षांत तीनदा असं झालंय. लोक म्हणतात नशीब. मला नाही वाटत. तुम्ही पाचव्या नंबरवर संपवता म्हणून एका मिनिटावर येऊन ठेपता.

आकडे बघा. गेल्या सीझनला आमचे ६९ पॉइंट. लीड्स आणि बर्नली वर गेले ते १०० पॉइंट घेऊन, आणि शेफील्ड युनायटेडचे ९० होते तरी ते तिसरे, त्यांना थेट जाता आलं नाही. म्हणजे त्या हिशोबाने थेट वर जायचं तर तीसेक पॉइंट जास्त पाहिजेत, दहाएक विजय. कुठून आणायचे? बर्नलीने अख्ख्या सीझनमध्ये १६ गोल खाल्ले, आम्ही ५८. उत्तर तिथे आहे. सगळे सध्या सात गोलांचं बोलतायत पण मला त्याच्यातला एक जास्त लक्षात राहिलाय आणि डर्बीचे तीन. म्हणून या उन्हाळ्यात ब्रायटनकडून लोनवर रशवर्थ हा गोलकीपर आणला तेव्हा मला कुठल्याही स्ट्रायकरपेक्षा जास्त आनंद झाला. मधे ग्राइम्स आहे, कॅप्टन, तो बॉल असा शांतपणे ठेवतो की आपलाही श्वास नीट होतो. टीम साधारण तीच ठेवलीय, ही फार मोठी गोष्ट आहे, दर उन्हाळ्यात आमचा सगळ्यात चांगला माणूस जायचा, ग्योकेरेश गेला, हॅमर गेला.

आमचा मॅनेजर फ्रँक लॅम्पार्ड, त्याच्याबद्दल मी गेल्या नोव्हेंबरात इथेच कडक लिहिलं होतं. त्याच्या आधीच्या मॅनेजरने, मार्क रॉबिन्सने, चौथ्या डिव्हिजनमधून उचलून प्रीमियर लीगच्या दारापर्यंत नेलं होतं, त्याला ज्या पद्धतीने काढलं ते मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण लॅम्पार्ड आला तेव्हा आम्ही सतरावे होतो आणि मे मध्ये पाचवे, हे पण खरं आहे. मोठं नाव म्हणून आला आणि खाली मान घालून काम केलं. मी माझे शब्द मागे घेतो.

पैशाच्या बाबतीत आपण मागे आहोत हे मान्य. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या टीमना काही वर्षं तिकडच्या टीव्हीच्या पैशाचा वाटा मिळत राहतो, लेस्टर, साउथहॅम्प्टन, इप्सविच या तिघांना यंदा तो आहे, आपल्याला नाही. तरी माझी एकच विनंती राहील की जानेवारीत घाबरून कुणाला विकू नका आणि हुरळून कुणालाही घेऊ नका. वेम्बलीवर आम्हाला हरवून वर गेलेलं ल्यूटन बघा, एका वर्षात खाली आलं, पुढच्या वर्षी अजून खाली, २०२५ ला थेट लीग वनमध्ये. मला असं वर जायचं नाही की पाच वर्षांनी परत टेकाडावर उभं राहायला लागेल.

आणि म्हणूनच या महिन्यातली माझ्यासाठी सगळ्यात मोठी बातमी ७-१ नाहीच. क्लबचा मालक डग किंग याने स्टेडियम विकत घेतलं. हायफील्ड रोड सोडल्यानंतर वीस वर्षांनी पहिल्यांदा ग्राउंड क्लबचं स्वतःचं. आता कुणी भाड्यावरून बाहेर काढू शकत नाही. भाड्याच्या घरात वाढलेल्यांना कळेल हे, आम्ही चिंचवडला अकरा अकरा महिन्यांच्या करारावर चार घरं बदलली, बाबांनी निगडीत फ्लॅट घेतला त्या दिवशी आईने भिंतीला खिळा ठोकला. कसलंही कॅलेंडर नव्हतं लावायला, नुसता खिळा ठोकला, आता कुणी नको म्हणणार नाही म्हणून. शनिवारी स्टेडियममध्ये शिरताना आजोबांनी आत गेल्यावर भिंतीवरून हात फिरवला. काही बोलले नाहीत. मी पण नाही.

ते ७५ चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आमच्या सीटपर्यंत ३८ पायऱ्या आहेत, मी मोजल्यात, कारण मधे दोनदा थांबतो आम्ही. मला त्यांना यंदाच वर गेलेलं बघायचंय. २०२७ नको, पुढचा सीझन नको. यंदा. मे मध्ये शेवटची मॅच होईल तेव्हा टेबलवर पहिला नाहीतर दुसरा नंबर असावा आणि प्लेऑफचे ते दोन तीन आठवडे आम्ही निवांत बसून चहा प्यावा.

माझी मुलगी इथेच वाढली, तिला कॉव्हेंट्रीच्या बॅजवरचा हत्ती आधी कळला आणि गणपती नंतर. शहराच्या चिन्हातच हत्ती आहे, पाठीवर किल्ला असलेला, टीमचा मॅस्कॉट पण हत्तीच. यंदा मखराला तिने आकाशी निळा रंग सांगितलाय, बायको म्हणते शोभेल का, मी म्हटलं शोभेल. आजोबा बुधवारी आरतीला येतायत, गेल्या वर्षी त्यांनी पाच मोदक खाल्ले होते, त्यामुळे यंदा एकवीसच्या वर जास्तीचे करायचे ठरलेत.

चला, गोंद वाळतोय. ग्रुपवरच्या मित्रा, मे मध्ये ये, तिकिटाचं मी बघतो.