‘टीम भक्कम असली की थकवा जाणवत नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या तालीम मंडळांच्या आणि पूरमदत पथकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचं सार असं: अंतराळवीर सहा तास झोपून महिनोन्महिने बिनचूक काम करतात, म्हणजे थकवा मनाचा खेळ आहे. एखादा दमला तर बाकीचे सांभाळून घेतात. फारच दमला तर तो स्वतःच सांगतो. खरं संकट आलं की झोप उडतेच. आणि कुरकुर करणाऱ्याला टीममध्ये ठेवू नये. 2019 आणि 2021 च्या पुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडे जसं काम करावं लागलं, तशा कामाला हे डोक्यात ठेवून उतरणं जीवावर बेतू शकतं.

सहा तासांचा आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ मात्र उलटा आहे. अंतराळवीरांच्या वेळापत्रकात नासा साडेआठ तास झोपेसाठी राखून ठेवते. प्रत्यक्षात ते सरासरी सहाच तास झोपतात, हे नासाचं स्पेस शटल यान आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक यांवरच्या मोहिमांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी मोहिमेत झोपेची गोळी घेतली होती. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, दिवसाला सोळा सूर्योदय होतात, पंख्यांचा आवाज थांबत नाही आणि यान जोडायची वेळ रात्री-अपरात्री येते. नासा याला ताकद मानत नाही, धोका मानते. म्हणून स्थानकातले दिवे बदलून दिवसा निळसर आणि झोपेआधी तो निळा भाग कमी केलेला प्रकाश देणारे बसवले आणि अंतराळवीरांची लक्ष टिकण्याची चाचणी घेतली.

‘बाकीचे सांभाळून घेतात’ हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला सगळ्यात चांगला वाटतो. टीममधले सगळे एकाच वेळी उठलेले असतात, एकाच वेळी दमतात. सांभाळून घेणारा ताजा माणूस येणार कुठून? शिवाय थकव्यात सरावाची कामं बराच वेळ टिकतात. बोट चालवणाऱ्याचा हात चालत राहतो, दोर टाकणारा दोर टाकत राहतो. आधी सुटतो तो दोघांमधला धागा: ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, दुसऱ्याचं काम नजरेखालून घालणं, शंका आली तर विचारणं. विचारायला जास्तीची शक्ती लागते, आणि दमलेला माणूस पहिली काटकसर तिथेच करतो.

मीर या रशियन अंतराळ स्थानकावर 25 जून 1997 ला झालेली टक्कर याच अंगाने वाचावी. स्थानकाचे कमांडर वासिली त्सिब्लियेव सुमारे सात टनांचं प्रोग्रेस मालवाहू यान स्थानकात बसून हाताने चालवत जोडण्याची चाचणी करत होते. अंतर सांगणारं रडार बंद ठेवलं होतं, कारण त्यामुळे कॅमेऱ्याच्या चित्रात अडथळा येतो असा संशय होता. म्हणजे अंतर आणि वेग पडद्यावरच्या चित्रावरून आणि खिडकीतून बघणाऱ्या सहकाऱ्यांच्या तोंडून कळायचा. सहकाऱ्यांना यान दिसलं तेव्हा उशीर झाला होता. यान स्थानकाच्या स्पेक्टर नावाच्या भागावर आदळलं, हवा गळू लागली आणि दारातून गेलेल्या केबल तोडून त्या भागाचं दार बंद करावं लागलं. कारणं अनेक होती. थकवा त्यातलं एक. फेब्रुवारीत आग, नंतर शीतक द्रवाची गळती, मार्चमध्ये असाच एक फसलेला प्रयत्न, असे महिने त्या टीमने काढले होते. पुढे जुलैमध्ये चुकीची केबल निघाली आणि स्थानकाचं दिशानियंत्रणच गेलं. तीन माणसांतल्या कुणाचाही हात दुसऱ्याने वेळेत धरला नाही.

मॉस्कोतल्या मार्स-500 प्रयोगात, म्हणजे मंगळप्रवासाच्या जमिनीवरच्या रंगीत तालमीत, सहा जण 520 दिवस बंद राहिले. टीममधले जे खटके नोंदले गेले, त्यांतल्या 85 टक्क्यांत सर्वाधिक ताण आणि शारीरिक थकवा सांगणारे दोघेच होते. आणि आपसातल्या खटक्यांच्या पाचपट खटके बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी उडाले. पुरातही बोटीवरची टीम आणि नियंत्रण कक्ष यांच्यात तिसऱ्या दिवशी आवाज चढायला लागले, तर आधी दोन्हीकडच्या झोपेचा हिशेब काढावा, स्वभावाचा नंतर.

‘दमला तर स्वतःच सांगेल’ हे प्रयोगाने खोडलेलं आहे. दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलेल्या लोकांची लक्ष टिकवण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली. पण ‘झोप येतेय का’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर काही दिवसांनी फारसं बदलेना. घसरण चालू राहते, जाणीव थांबते. सलग सतरा तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा 0.03 आहे. पहाटे सहाला उठलेला माणूस रात्री अकराला बोटीच्या इंजिनावर असेल, तर तो या रेषेच्या पलीकडे आहे.

संकटात झोप उडते, हे थोडा वेळ खरं. पण तेव्हा नजर एकाच गोष्टीवर खिळते आणि बाजूची तार, कुंपण, बुडालेला ऊस दिसत नाही. पहाटे तीन ते पाच शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली असतं. चहाने ते वर येत नाही, जाग थोडी लांबते एवढंच.

कुरकुर करणाऱ्याला काढा, या शेवटच्या मुद्द्याला स्कायलॅब या नासाच्या जुन्या अंतराळ स्थानकाचं उत्तर पुरेसं आहे. 84 दिवसांच्या शेवटच्या मोहिमेत आधीच्या टीमच्या वेगाने कामं लावली गेली. 30 डिसेंबर 1973 ला टीमने जमिनीवरच्या लोकांशी मोकळेपणी बोलून ताण सांगितला. जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा मोकळ्या सोडल्या, किरकोळ कामं सवडीने करायच्या यादीत टाकली, आणि टीमच्या हातून आधीपेक्षा जास्त काम व्हायला लागलं. तालमीत वस्ताद पैलवानाला दुपारी सक्तीने झोपवतात, त्याला कुणी कुरकुर म्हणत नाही.

मग पथकाने करायचं काय? पाणी इशारा पातळीला, म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना आलं की दोन पाळ्या पाडाव्यात आणि एका पाळीला घरी पाठवून झोपवावं. 43 फुटांची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघू नये. पाळी बारा तासांपेक्षा मोठी नको. बदल पहाटे तीन-चारला नको, आणि दोन्ही पाळ्या अर्धा तास एकत्र असाव्यात. सगळी बोट एकदम बदलू नये, निम्मी माणसं आधी आणि निम्मी नंतर बदलावीत. फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे गेल्या 24 तासांतली झोप लिहावी. पाचपेक्षा कमी असेल त्याला इंजिन आणि माणसांची मोजणी देऊ नये. पाणीपातळी, घरांचे आणि माणसांचे आकडे सुटे बोलावेत, ‘त्रेचाळीस’ऐवजी ‘चार-तीन’, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणावेत. लाइफ जॅकेटची क्लिप स्वतःची स्वतः तपासणं पुरेसं नाही, शेजाऱ्याने ओढून बघावी. डुलकीला चाळीस मिनिटं द्यावीत. उठल्यावर पहिला अर्धा तास डोकं जड असतं, तेवढा वेळ इंजिन दुसऱ्याकडे. चहा किंवा कॉफी पाळीच्या पूर्वार्धात घ्यावी, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि पुढची झोप मोडते. आणि कुणाला खाली उतरवायचं हे बोटीवरच्याने ठरवू नये. ते काठावरच्या, त्या पाळीत पाण्यात न गेलेल्या माणसाकडे द्यावं, आणि त्याच्या शब्दावर वाद नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून घ्यावं.