कुत्र्याचा खाऊ घरी करताय? आधी बेदाण्याचा डबा वर ठेवा

नवरात्र जवळ आलं की बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी बाजारात यायला लागतात. उपवासाला आपण घेतोच. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी दोन किलो जास्तीची घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. उकडलेलं रताळं आणि नाचणीचं पीठ एवढ्यावर कुत्र्याचा उत्तम खाऊ होतो. स्वस्त पडतो आणि आत काय गेलंय ते आपल्याला ठाऊक असतं.

पण घरगुती खाऊच्या ज्या कृती हल्ली फिरतात, त्या वाचून काळीज धडधडतं. कुणी गूळ-बेदाणे घाला म्हणतं, कुणी वासाला लसूण, कुणी चिमूटभर जायफळ. 'घरचं आहे, काही होत नाही' या भरवशावर लोक करतातही.

बेदाण्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे तो घरोघरी असतो. अथणी, विजापूर, पलीकडे तासगाव. पाहुणा आला तरी हातात बेदाण्याची पुडी असते. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ले तर चालतात, असं सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसरं थोडक्यात आजारी पडतं. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी २०२१ साली यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेच्या आमटीत कुस्करलेली भाकरीही नको. गोकाकचा करदंट प्रेमानं तोंडात घालू नका, त्यात सुकामेव्याबरोबर बेदाणेही असू शकतात. चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट बघू नका. उलट्या सहसा पहिल्या दिवसात सुरू होतात, लघवी कमी होते ती त्यानंतर, आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांकडे नेलं तर ते औषधानं ओकारी काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न अजिबात करू नका. त्यानं रक्तातलं मीठ वाढून कुत्रं दगावू शकतं.

दुसरी गोष्ट कांदा-लसूण चटणी. आपल्या स्वयंपाकाचा हा जीव आहे, आणि कुत्र्याला हीच बाधते. कांदा, लसूण, पात यांतल्या गंधकयुक्त घटकांनी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून, वाळवून विष जात नाही. उलट वाळवलेल्या पुडीत ते एकवटतं. त्रास लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, आणि तोपर्यंत रविवारचा रस्सा घरात कुणाला आठवत नसतो. खाऊसाठी चिकन उकडायचं तर पातेलं वेगळं, नुसतं पाणी, मीठसुद्धा नाही. शिजलेली हाडं काढून टाका, ती चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात.

शेंगदाणे चालतात, पण निवडून. सुरकुतलेला, काळा, कुबट वासाचा दाणा बाजूला काढा. बुरशी धरलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजून नाहीसं होत नाही, आणि कुत्र्याचं यकृत त्यापुढे फार नाजूक असतं. पावसात भिजलेल्या जोंधळ्याचंही तेच. 'जनावराला चालतंय' म्हणून काळं पडलेलं धान्य दळून देऊ नका. विकतचं पीनट बटर घेतलं तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'झायलिटॉल' दिसलं की ठेवून द्या. ही बिनसाखरेची गोडी अर्ध्या तासात कुत्र्याची रक्तशर्करा उतरवते, जास्त गेली तर यकृतही जातं. शुगर-फ्री च्युइंगमला हाच नियम. चॉकलेट, चहापूड, जायफळ यांच्याबद्दल चर्चा नकोच. कुंदा विषारी नाही, पण नुसता खवा आणि साखर, जुलाब ठरलेले.

आता कृती. रताळी सालीसकट उकडा, सोलून २०० ग्रॅम गर घ्या. कीड लागलेलं, कडू लागणारं रताळं पूर्ण फेका, तेवढाच भाग कापून उपयोग नाही. गर गार झाल्यावर एक अंडं आणि २०० ग्रॅम नाचणीचं पीठ घालून मळा. रताळं पाणचट असेल तर पीठ दोन-तीन चमचे जास्त लागेल. पाणी, गूळ, सोडा, मीठ काही घालायचं नाही. अर्धा सेंटीमीटर जाड लाटून साधारण ७५ तुकडे पाडा. ओव्हन १६० डिग्रीवर, २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मग बंद ओव्हनमध्येच गार होऊ द्या. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. घाईनं आच वाढवली की वरची कड कडक होते आणि पोटात ओल राहते. चार दिवसांनी डबा उघडला की पांढरी लव. तुकडा मोडून बघा: कट्कन तुटला तर वाळला, वाकला तर परत भाजा. बेळगावच्या पावसाळ्यात मात्र पूर्ण वाळलेल्या तुकड्यांवरही माझा भरवसा नाही. जून ते सप्टेंबर चार दिवसांपुरते फ्रिजमध्ये, बाकीचे फ्रीजरमध्ये. बुरशीचा एक ठिपका दिसला तर सगळा डबा टाकायचा, पुसून द्यायचा नाही.

रताळ्याऐवजी लाल भोपळा घेता येतो, तो जास्त पाणी सोडतो एवढंच. गाजर, बिया काढलेलं सफरचंद हेही चालतं. आंब्याची कोय आणि मक्याचं बुरकुंड तोंडात लागू देऊ नका, दोन्ही आतड्यात अडकतात आणि पोट उघडावं लागतं.

किती द्यायचं? दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. वरच्या मापात एका तुकड्याला साधारण १२ कॅलरी पडतात. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास लागतात, म्हणजे पाच तुकडे, आणि तेवढं जेवण कमी. मुधोळ पाळणाऱ्यांना खास सांगतो: त्याची कंबर आत गेलेली आणि बरगड्या किंचित दिसणारच, ती जातच तशी. त्याला भरवून गुबगुबीत करू नका.

नवा जिन्नस एका वेळी एकच आणा. पहिल्या दिवशी एक तुकडा द्या, दोन दिवस शी बघा, अंगाला खाज सुटते का बघा. काही नसेल तर तिसऱ्या दिवसापासून पूर्ण माप.