पाव मैल आणि आमचा पट

कॅलिफोर्नियातल्या सांता आनाच्या ड्रॅग स्ट्रिपवरचा, म्हणजे गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतींच्या पट्टीवरचा, तुमचा लेख आवडला. १९५० मध्ये सी. जे. हार्ट यांनी विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू केल्या आणि १९५९ मध्ये सगळं बंद, एवढीच नऊ वर्षं! अंतर मात्र पाव मैल, म्हणजे १३२० फूट, तेच जगभर रूढ झालं.

वाचताना आमच्या अमळनेरकडचा बैलांचा पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवला. तोही सरळ रेषेतच, वळण नाही. नांगरट झाल्यावर शेत दाबून घ्यायचं, शेवटी फक्कीची पांढरी रेघ. आमचे आबा गळ्यात स्टॉपवॉच अडकवून रेघेवर उभे राहत. जोडी धुरळ्यातून सुटली की त्यांचा अंगठा आधी हलायचा, डोळे नंतर. मग चारी बाजूंनी एकच गलका, "काय व्हयनं रे भो?"

२०१४ ला बैलांच्या शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मधल्या काळात आमच्या शिवारातल्या त्या पट्ट्यात कापूस आला (आणि बरा आला, हेही सांगतो). लेखात टायरच्या रबराबद्दल भरपूर आहे, पण धावपट्टीची जागा पुढे कशी गेली ते दोन ओळींत उरकलंय. त्यावर अजून लिहा.