चिलीचं तांबं खासगी कधी झालं?

‘चिली आणि बोलिव्हिया शेजारी, जमीन सारखी, खनिजं सारखी. चिलीने सगळं खासगी केलं, फुकट वाटप बंद केलं, म्हणून श्रीमंत झाला. बोलिव्हियाचे लोक आळशी, समुद्र नाही म्हणून रडत बसले.’ हा फॉरवर्ड किती दिवस फिरतोय. दुर्लक्ष करत होतो. पण परवा भाचीने तो जसाच्या तसा वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घातलेला पाहिला आणि राहवलं नाही.

‘सगळं खासगी केलं’ हे धडधडीत खोटं आहे. चिलीच्या निर्यातीचा कणा म्हणजे तांबं. १९७१ मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदेच्या सरकारने तांब्याच्या मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं, तेही संसदेच्या एकमताने, उजव्या पक्षांसकट. दोन वर्षांनी लष्करप्रमुख पिनोशेने लष्करी बंड करून ते सरकार उलथवलं आणि पुढे कारखान्यांपासून पेन्शनपर्यंत बरंच काही खासगी हातांत दिलं. या खाणी मात्र दिल्या नाहीत. उलट १९७६ मध्ये त्यांच्यासाठी कोडेल्को ही सरकारी कंपनी काढली, आणि ती आजही सरकारचीच आहे. ज्या राजवटीच्या नावाने खासगीकरणाचे गोडवे गातात, तिनेच हे केलं! लिथियमही १९७९ च्या कायद्याने सरकारसाठी राखीव आहे. १९९० नंतर परदेशी कंपन्यांच्या खाणींमुळे उत्पादन खूप वाढलं, हे मान्य. पण म्हणून ‘सगळं’?

‘खनिजं सारखी’ वाचून तर संतापच आला. कोडेल्कोची चुकिकामाटा खाण आणि चिलीला लिथियम देणारं आताकामाचं मिठागर, हा मुलूख १८७९ पर्यंत बोलिव्हियाचा होता. त्या वर्षी चिलीविरुद्ध बोलिव्हिया आणि पेरू असं जे पॅसिफिक युद्ध सुरू झालं, त्यात तो सुमारे ४०० किलोमीटर किनाऱ्यासकट गेला आणि १९०४ च्या तहाने कायमचा चिलीचा झाला. हे रडगाणं वाटत असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १ ऑक्टोबर २०१८ चा निकाल वाचा. तो बोलिव्हियाच्या विरोधात गेला: समुद्राच्या वाटेसाठी वाटाघाटी करायला चिली बांधील नाही, १२ विरुद्ध ३ मतांनी. तरी किनारा आधी कुणाचा होता, हे त्याच निकालपत्रात नोंदलेलं आहे. चिलीशी केलेला करार मोडून, सोरा (खत आणि स्फोटकांसाठी लागणारं खनिज) काढणाऱ्या चिलीच्या कंपनीवर कर बसवला तो बोलिव्हियाने, आणि युद्धाची ठिणगी तिथेच पडली, हेही खरं.

बोलिव्हियाने खासगीकरणही करून पाहिलंय. १९८५ नंतर सरकारी कथील खाणींतले वीस हजारांहून जास्त कामगार घरी बसवले. कोचाबाम्बा शहराचं पाणी खासगी कंपनीला दिलं, दर भडकले, २००० मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि करार रद्द झाला.

फुकट वाटपाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बोलिव्हियाने बाहेरून आणलेलं इंधन वर्षानुवर्षं स्वस्तात विकलं, गॅसच्या निर्यातीचं उत्पन्न घटलं तेव्हा डॉलर आटले आणि पंपांवर रांगा लागल्या.

राहिला आळस. बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात, चार हजार मीटरहून जास्त उंचीवर, १५४५ पासून खाणकाम चाललंय. स्पॅनिश राजवटीत दूरदूरच्या आदिवासींना तिथे सक्तीने राबवलं. आजही मजूर कोकाची पानं चघळत त्याच डोंगरात उतरतात. त्यांना आळशी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.