हेलन केलरचे विचार हेलन केलरचेच (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि खाली चार ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून इथे मोकळेपणाने लिहितेय. ज्यांनी आधीचं काही वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की हेलन केलर समाजवादी होती, संपकरी कामगारांच्या बाजूने लिहायची, पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरू नये म्हणून भाषणं करायची. त्यावर सरांचं म्हणणं असं, की ते कित्येक वर्षं सातवीच्या मुलांना हेलनची गोष्ट सांगतायत, ती जिद्दीची गोष्ट आहे, आणि त्यात पॉलिटिक्स घुसडून मी तिची वाट लावली. दुसरं म्हणजे दीड वर्षाची असताना जिची दृष्टी आणि ऐकणं दोन्ही गेलं तिला कामगार, भांडवल, युद्ध यातलं काय कळणार, हे सगळं तिला शिकवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याने तिच्या डोक्यात भरवलेलं. आणि तिसरं, जिने आभाळ कधी पाहिलं नाही ती निळ्या आभाळाबद्दल लिहिते म्हणजे पुस्तकं तरी तिने स्वतः लिहिली कशावरून.

सर, मला हे तीन मुद्दे वेगळे वाटतच नाहीत. तिन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, की तिने आपल्याला आवडेल असं काही म्हटलं की ते तिचं, आणि नावडतं म्हटलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी. आणि हे तुम्हीच पहिल्यांदा म्हणताय असं नाही, तिच्या हयातीत, ती बत्तीस वर्षांची असताना, छापून आलं होतं.

'ब्रुकलिन ईगल' नावाचं न्यूयॉर्कचं एक मोठं वर्तमानपत्र होतं. हेलन 1909 मध्ये सोशालिस्ट पार्टीची मेंबर झाली होती, 1912 पर्यंत ही गोष्ट सगळीकडे गाजायला लागली, तेव्हा या पेपरने लिहिलं की तिच्या चुका तिच्या वाढीला पडलेल्या मर्यादांमधून आल्यात. म्हणजे आंधळी, बहिरी, तिला काय कळतंय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने 'न्यूयॉर्क कॉल' या समाजवादी पेपरात 'मी समाजवादी कशी झाले' असा लेख लिहून उत्तर दिलं, आणि ते उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. ती म्हणते की याच संपादकांना मी काही वर्षांपूर्वी भेटले होते, तेव्हा त्यांनी माझं इतकं कौतुक केलं की आठवलं तरी लाजायला होतं, आता मी समाजवादाची बाजू घेतली तर त्यांना माझं आंधळेपण आणि बहिरेपण आठवलं, मधल्या वर्षांत माझी बुद्धी आटली असणार. आणि मग ती उलटून म्हणते की सामाजिकदृष्ट्या आंधळं आणि बहिरं तर तुमचं वर्तमानपत्र आहे, कारण ज्या व्यवस्थेमुळे माणसं प्रत्यक्षात आंधळी-बहिरी होतात त्याच व्यवस्थेची तुम्ही पाठराखण करताय.

तुमचा जो आक्षेप आहे ना, बाईंच्या नवऱ्याचा, त्याचंही उत्तर याच लेखात आहे. तिच्या बाई म्हणजे अॅन सलिव्हन, त्यांनी 1905 मध्ये जॉन मेसीशी लग्न केलं, आणि मेसी समाजवादी होता हे खरंच आहे. तेव्हाही कुणीतरी लिहिलं होतं की मेसी नवराबायको कट्टर मार्क्सवादी प्रचारक आहेत आणि हिने ही मतं त्यांच्याकडूनच उचलली यात नवल नाही. हेलनने स्पष्ट लिहिलं की मिस्टर मेसी असतीलही प्रचारक, पण माझ्या बोटांमधून प्रचार करायचा उत्साह काही त्यांनी दाखवला नाही, आणि बाई तर मार्क्सवादीही नाहीत, समाजवादीही नाहीत. मग वाचलं कसं तेही सांगितलंय. समाजवादावर वाचलेलं पहिलं पुस्तक इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचं, ते बाईंनीच सुचवलं पण कल्पनाशक्तीसाठी, विचारांसाठी नाही. जर्मन ती चांगली शिकली होती, त्यामुळे जर्मनीत ब्रेलमध्ये छापलेलं एक समाजवादी मासिक ती बोटांनी वाचायची. समाजवादी विचारवंत कार्ल काउट्स्कीचं पुस्तकही तिच्याकडे जर्मन ब्रेलमध्ये होतं, आणि बाकीचं समाजवादी साहित्य एक मैत्रीण आठवड्यातून तीनदा येऊन तिच्या तळहातात एकेक अक्षर बोटांच्या खुणांनी 'बोलून' दाखवायची, कुठे पुढे वाचायचं आणि काय गाळायचं हे हेलन सांगायची. अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक, पन्नास हजार शब्द, तळहातावर, अक्षर अक्षर करून. इतक्या कष्टाने जो विचार माणूस आत घेतो तो त्याचा नाही म्हणायचं आणि आपण बसल्याजागी फोनवर स्क्रोल करताना जे गिळतो ते मात्र आपलं स्वतःचं मत, हे मला पटत नाही.

बाई आणि ती एकमेकींचे विचार उचलायच्या असंही नव्हतं. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून हेलन हिरिरीने बोलायची आणि बाई त्या बाजूच्या नव्हत्या, हे हेलननेच 1929 च्या 'मिडस्ट्रीम' मध्ये लिहिलंय.

आता लिहिलं कुणी हा प्रश्न. यात मी तुमच्यावर चिडलेली नाहीये, कारण शंका घेण्यासारखी एक घटना खरंच घडली होती आणि ती झाकून ठेवायचं काही कारण नाही. 1891 साली, अकरा वर्षांची असताना, तिने 'द फ्रॉस्ट किंग' नावाची गोष्ट लिहिली आणि बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे प्रमुख अनॅग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. गोष्ट छापून आली आणि लगेच लोकांच्या लक्षात आलं की मार्गारेट कॅन्बी यांच्या एका जुन्या गोष्टीशी ती फारच जुळते. झालं, शाळेने त्या पोरीची चौकशी लावली, बाईंना खोलीबाहेर काढलं आणि मोठी मोठी माणसं तिला प्रश्न विचारत बसली. चौकशीत अर्धे तिच्या बाजूने, अर्धे विरुद्ध. ती गोष्ट काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या हातावर वाचून दाखवली होती आणि तिच्या नकळत मनात राहिली होती, असं शेवटी दिसून आलं. स्वतः कॅन्बीबाईंनी तिला प्रेमाने लिहिलं. पण पोरीने काय धसका घेतला बघा, बारा वर्षांनी 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' मध्ये ती लिहिते की मी जे लिहिते ते माझं नसेल तर, ही भीती त्यानंतर मला कधीच सोडून गेली नाही. सर, डोळस लेखकांपैकी किती जणांनी आपल्या शब्दांची अशी झडती घेतली असेल?

आणि बाकीचे पुरावे तिच्याच पुस्तकात पडलेत. त्या 1903 च्या पुस्तकात तिची लहानपणापासूनची पत्रं छापलीत. बाई घरी आल्या 3 मार्च 1887 ला, पहिलं पत्र आहे जूनचं, त्यात नुसते तुटक शब्द, अमका हेलनला सफरचंद देईल, तमका पक्षी मारेल, 'मी' हा शब्दसुद्धा नाही. मग महिन्यामहिन्याने वाक्यं लांबत जातात, चुका कमी होतात, विनोद येतात, थोडा आगाऊपणाही येतो. दुसऱ्या कुणी बनावट करायची म्हटली तर एवढी वर्षं मुलाची वाढ बनवत बसावं लागेल. रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला 1899 मध्ये तर बाईंना बाजूला येऊच दिलं नाही. एका अनोळखी माणसाने प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये काढून दिल्या, त्याला हातावर बोलता येत नव्हतं, आणि बीजगणितात तिला सवय नसलेल्या ब्रेलच्या खुणा निघाल्या, ऐन वेळेला घोळ झाला, तरी पास झाली. 1904 मध्ये पदवी घेतली, बहिरं आणि आंधळं असून बी. ए. झालेली जगातली पहिली व्यक्ती. आणि बाई गेल्या 1936 च्या ऑक्टोबरमध्ये. हेलन त्यानंतर एकतीस वर्षं जगली, त्यात डायरीचं पुस्तक आलं, बाईंचं चरित्र आलं (त्याचं हस्तलिखित 1946 मध्ये घराला आग लागून जळलं, मग सगळं पुन्हा लिहिलं आणि 1955 मध्ये छापलं). बाई लिहून द्यायच्या तर ही पुस्तकं कुणी लिहून दिली?

निळ्या आभाळाचं म्हणाल तर हा आक्षेपही तिच्या वेळचाच, आणि घेणाऱ्यांमध्ये स्वतः अंध असलेले अभ्यासकही होते, त्यामुळे मी तो हलक्यात घेत नाही. पियर व्हिले हा फ्रेंच विद्वान स्वतः आंधळा होता आणि त्याला हेलनचे रंग आणि चांदणं पोकळ वाटायचं. मला स्वतःला तिच्या 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' मधली काही निसर्गवर्णनं जरा सजवलेली वाटतातच, त्या काळच्या पुस्तकी इंग्रजीची छाप आहे ती. पण 1908 चं 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' वाचा. त्यात ती हाताबद्दल लिहिते, वासाबद्दल लिहिते, जमिनीतून पायाला कळणाऱ्या धक्क्यांबद्दल, कोण चालत आलं ते पावलांच्या हादऱ्यावरून कसं ओळखते त्याबद्दल. ते आपल्यापैकी कुणीच लिहू शकलं नसतं. आणि आभाळ, रंग, सूर हे शब्द डोळे-कान असणाऱ्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलेत का, हाच प्रश्न तिने विचारलाय.

याच पुस्तकाच्या सुरुवातीला ती एक गोष्ट सांगते जी तुमच्या पहिल्या आक्षेपाला थेट लागू पडते. ती म्हणते की इतर लेखकांना विषय बदलायची परवानगी असते, मला नाही. मी जगाची शिक्षणपद्धत सुधारायची म्हटलं तर संपादक म्हणतात वा, छान, पण तुम्ही सहा वर्षांच्या असताना तुम्हाला चांगुलपणा आणि सौंदर्य कसं वाटायचं ते सांगा ना. आपण शाळेत नेमकं हेच करतो सर. पंपाखाली हात, हातावर पाणी, दुसऱ्या हातावर बाईंनी बोटांनी काढलेला 'पाणी' हा एक शब्द, टाळ्या. ती सात वर्षांचीही नव्हती तेव्हा. पुढची ऐंशी वर्षं कुठे जातात?

आणि ते पॉलिटिक्स बाहेरून चिकटवलेलंही नाही, ते आंधळेपणातूनच आलंय. 1906 मध्ये ती मॅसॅच्युसेट्सच्या अंधांसाठीच्या सरकारी कमिशनवर आली, अंध माणसं कोण आहेत, कुठे राहतात हे बघायला लागली, आणि तिला दिसलं की कारखान्यात डोळे जातात, दाटीवाटीच्या वस्तीत डोळे जातात. नवजात बाळांचं तर फारच वाईट. परमा हा गुप्तरोग नवऱ्याकडून बायकोला आणि बाळंत होताना तिच्याकडून बाळाच्या डोळ्यांना व्हायचा, बाळ आंधळं व्हायचं, आणि जन्मल्याबरोबर सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब डोळ्यात घातला तर ते टळायचं. हे डॉक्टरांना माहीत होतं, पण त्याबद्दल बोलणं अश्लील मानलं जायचं. 1907 मध्ये एका नामवंत घरातली अविवाहित मुलगी 'लेडीज होम जर्नल' सारख्या बायकांच्या मासिकात यावर लिहिते, हे धाडस मला पंपाच्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं. पुढे 1912 चा लॉरेन्सच्या कापडगिरण्यांचा संप, जानेवारी 1916 मध्ये कार्नेगी हॉलमधलं युद्धविरोधी भाषण, त्याच वर्षी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला शंभर डॉलर आणि पत्र, तेही बाप गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या फौजेत कॅप्टन असताना. अलाबामातल्या तिच्या स्वतःच्या माणसांना ते झोंबलं.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये पण मला लिहायलाच हवी, कारण तिचे विचार तिचे म्हणायचे तर सगळेच म्हणायला हवेत. 1915 मध्ये शिकागोत एक बाळ बऱ्याच व्यंगांसह जन्मलं आणि डॉक्टर हेझेल्डन यांनी ऑपरेशन करायला नकार दिला, बाळ गेलं. हेलनने 'द न्यू रिपब्लिक' मध्ये पत्र लिहून त्या डॉक्टरची बाजू घेतली, वर असंही सुचवलं की अशी बाळं जगवायची की नाही हे डॉक्टरांच्या ज्युरीने ठरवावं. तिने! जिला जन्मभर लोक हिला काय कळतंय म्हणत आले तिने दुसऱ्या एका जिवाबद्दल तेच म्हटलं. त्या काळात सुशिक्षित, सुधारक लोकांमध्ये हे विचार सर्रास होते हे खरं, पण मला ते पत्र वाचवत नाही आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. फक्त एवढंच, की या पत्राबद्दल कुणीही म्हणत नाही की हे मेसीने लिहून दिलं असेल. ते तिचं म्हणून तिला जाब विचारतात, आणि तो बरोबरच आहे.

1924 पासून ती अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं काम करायला लागली, देणग्या गोळा करायच्या तर श्रीमंतांना दुखवून चालत नाही, त्यामुळे जाहीर बोलणं थोडं मवाळ झालं. पण 1933 च्या मे महिन्यात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली त्यात तिचंही एक होतं, समाजवादावरचं. तिने जर्मन विद्यार्थ्यांना पत्र लिहून सांगितलं की विचार मारता येतात असं वाटत असेल तर इतिहासाने तुम्हाला काहीच शिकवलेलं नाही, आणि हेही, की माझ्या पुस्तकांचं तिथलं मानधन मी कायमचं महायुद्धात आंधळ्या झालेल्या जर्मन सैनिकांना देऊन टाकलंय. मग 1948 मध्ये हिरोशिमा-नागासाकीला गेली, 1955 मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आपल्याकडे आली, नेहरूंना भेटली. आणि मुंबईत 1977 पासून तिच्या नावाची, बहिऱ्या-आंधळ्या मुलांची शाळा आहे, बेरोज वाच्छा यांनी सुरू केलेली, देशातली पहिली.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग मुलांना सांगू तरी काय. पंपाची गोष्ट सांगाच, ती खरी आहे आणि सुंदर आहे. पण त्याच तासाला ते जर्मन विद्यार्थ्यांना लिहिलेलं पत्रही वाचून दाखवा, पानभरच आहे, सातवीच्या मुलांना सहज कळेल. आणि बाळांच्या डोळ्यातले थेंब सांगा, रोगाचं नाव न घेताही सांगता येतं. पत्राचं मराठी मी करतेच आहे, या आठवड्यात होईल. इथे नुसता हो लिहा, मी तुम्हाला ईमेल करते, आणि मुलांनी काय काय विचारलं ते मात्र नक्की कळवा.