‘बेकायदा मुलांना स्वस्त कॉलेज, आपल्या मुलांना तिप्पट फी’: फिरत्या निरोपाला मुद्देसूद उत्तर

४ जून २०२५ रोजी टेक्सासमधला एक चोवीस वर्षं जुना कायदा न्यायालयाच्या आदेशाने बंद पडला. कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रं नसलेल्या, पण टेक्सासमध्येच शाळा शिकलेल्या मुलांना सरकारी कॉलेजात त्या राज्याच्या रहिवाशांइतकीच फी लागायची. आता त्यांना परराज्यातल्यांची फी भरावी लागते. तेव्हापासून अमेरिकेतल्या आणि इकडून पुण्या-नाशकातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घुसखोरांच्या मुलांना सरकार जवळपास फुकट शिकवत होतं, कायद्याने आलेल्या आपल्या मुलांना मात्र तिप्पट फी. केंद्राच्या कायद्याने हे मुळातच बंद आहे. पैसा आपल्या कराचा, जागा आपल्या मुलांच्या. बंद झालं ते बरंच झालं, आपला त्यांच्याशी संबंध काय?

मी टेक्सासमध्ये राहतो. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत, आणि त्यातल्या काहींच्या रागामागे खरं दुखणं आहे. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

‘जवळपास फुकट शिकवत होतं.’

अजिबात नाही. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पदवीच्या मुलाला इन-स्टेट, म्हणजे राज्याच्या रहिवाशांच्या, दराने वर्षाला साधारण ११ ते १३ हजार डॉलर फी पडते आणि बाहेरच्याला ४० हजारांच्या पुढे. राहणं, जेवण, पुस्तकं वेगळी. कागदपत्रं नसलेल्या मुलाला गरजू विद्यार्थ्यांसाठीचं केंद्राचं पेल अनुदान मिळत नाही, केंद्राचं शैक्षणिक कर्जही मिळत नाही. टेक्सासने राज्याच्या निधीतली काही मदत या मुलांना खुली ठेवली होती, हे खरं आहे. पण बाकीचे पैसे आईबापांनी छपरं घालून, हॉटेलच्या खोल्या साफ करून उभे केलेले असतात. म्हणून यातली बहुतेक मुलं आधी कमी फीच्या, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात आणि पैसे जमतील तसे एकेक-दोन-दोन विषय घेतात.

हा दर मिळवायला अटीही होत्या. शाळा संपण्याआधी तीन वर्षं टेक्सासमध्ये राहिलेलं असणं, टेक्सासच्याच हायस्कूलातून किंवा समकक्ष परीक्षेतून उत्तीर्ण होणं, आणि ‘शक्य होईल तेव्हा कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन’ असं शपथपत्र सही करून देणं. आपल्याकडे वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, त्यामागे जो विचार आहे त्याच्या जवळचाच हा विचार. मूल कुठल्या राज्यात वाढलं आणि शिकलं, हे महत्त्वाचं. २००१ साली हा कायदा करणारं टेक्सास हे अमेरिकेतलं पहिलं राज्य होतं. सही करणारे गव्हर्नर रिक पेरी, रिपब्लिकन. दहा वर्षांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या चर्चेत त्यांच्याच पक्षाने त्यांना यावरून घेरलं. स्वतःचा काही दोष नसताना आणल्या गेलेल्या मुलांना शिकवू नका म्हणणाऱ्यांना हृदय नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी भर मंचावर दिलं. त्याची राजकीय किंमत त्यांनी मोजली.

‘आपल्या मुलांना मात्र तिप्पट.’

या वाक्याने सगळ्यात जास्त आग लागते. इथे ‘आपली मुलं’ म्हणजे नेमकी कोण, हे वेगळं करून पाहायला हवं.

भारतातून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेला मुलगा परराज्यातल्यांची फी भरतो, हे खरं. पण तो टेक्सासमध्ये वाढलेला नसतो, आणि ‘माझं घर मायदेशी आहे, शिकून परत जाईन’ असं दाखवूनच त्याला तो व्हिसा मिळालेला असतो. त्याची तुलना शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातून आलेल्या मुलाशी होईल. टेक्सासमधल्याच डॅलसच्या शाळेत पहिलीपासून शिकलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलीशी ती होऊच शकत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आईबापांची, एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेली मुलं ही वेगळी गोष्ट. टेक्सासमध्ये एच-४ धारकाला रहिवासी म्हणून इन-स्टेट फी मिळू शकते, आणि कॅलिफोर्नियातही. शिवाय २००१ च्या टेक्सास कायद्यात व्हिसाची अटच नव्हती. तीन वर्षं राहा, इथून शाळा पूर्ण करा, एवढंच. म्हणजे ज्या कायद्याला आपण शिव्या घालतो आहोत, तो आपल्या मुलांनाही धरून होता.

मग खरं दुखणं कुठे आहे? एकविसाव्या वाढदिवसाला. त्या दिवशी एच-४ संपतो. आईबापांचा ग्रीन कार्डाचा अर्ज वर्षानुवर्षं रांगेत असतो, कारण कुठल्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाच्या कायम वास्तव्याच्या व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. भारतीयांच्या मोठ्या गटांत दहा वर्षांहून जुने अर्ज अजून ताटकळत आहेत. चौथ्या वर्षी इथे आलेलं मूल एकविसाव्या वर्षी ‘वयाबाहेर’ जातं. ते एफ-१ घेतं, काही राज्यांत त्याची फी एका रात्रीत बदलते, आणि शिक्षण संपल्यावर पुन्हा नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीला उभं राहतं. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्यांना वगळलं होतं, त्यामुळे तिथे काही मुलांवर हा अन्याय उघड दिसला. ओबामांच्या काळात, २०१२ मध्ये, लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी डाका योजना आली. तिच्यातही कायदेशीर दर्जा असलेली मुलं बसली नाहीत. ‘आम्ही नियम पाळले म्हणून आमचंच मूल वगळलं’ हा राग मला पूर्ण समजतो. तो रास्त आहे.

पण हा घाव कुणी घातला? शेजारच्या बाकावर बसणाऱ्या होंडुरासच्या मुलीने नक्कीच नाही. ग्रीन कार्डाची रांग अमेरिकी संसदेच्या १९९० च्या कायद्यातून आली आणि ती संसदच मोकळी करू शकते. २०२१ मध्ये या वयाबाहेर जाणाऱ्या मुलांसाठी ‘अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट’ हे विधेयक दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून मांडलं, २०२३ मध्ये पुन्हा मांडलं. मंजूर झालं नाही. त्या मुलीची फी ४० हजारांवर गेल्याने आपल्या एकाही मुलाची रांग एका दिवसानेही पुढे सरकलेली नाही.

‘केंद्राच्या कायद्याने हे बंदच आहे.’

हा मुद्दा सगळ्यात गंभीर. त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं, कारण मजकुरात कायद्याचं अर्धंच वाक्य येतं.

१९९६ च्या केंद्रीय कायद्यात कलम ५०५ आहे. त्याचा आशय असा: बेकायदा वास्तव्य असलेल्या व्यक्तीला ‘राज्यातल्या रहिवासाच्या आधारावर’ उच्च शिक्षणाचा लाभ देता येणार नाही, जर तोच लाभ कुठल्याही अमेरिकन नागरिकाला, तो त्या राज्याचा रहिवासी असो वा नसो, मिळत नसेल. म्हणजे लाभाला संपूर्ण बंदी नाही, अट आहे. बंदीच घालायची असती तर संसदेने ती सरळ शब्दांत घातली असती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या केंद्रीय कायद्याने तर, राज्यांना असे लाभ द्यायचे असतील तर त्यांनी स्वतंत्र कायदा करावा, अशी वाट ठेवली आहे.

कॅलिफोर्नियाने नेमकं ते वाचून कायदा रचला. तिथे पाहिलं जातं ते हायस्कूल: तीन वर्षं इथल्या हायस्कूलात शिकलात आणि इथूनच पास झालात का? मग तुम्ही नंतर शेजारच्या नेवाडा राज्यात राहायला गेलेले अमेरिकन नागरिक असलात तरी तुम्हाला सूट मिळते. सुरुवातीच्या वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठात हा लाभ घेणाऱ्यांत बहुसंख्य मुलं नागरिक किंवा कायदेशीर रहिवासीच होती. परराज्यातल्या काही विद्यार्थ्यांनी याविरुद्ध खटला भरला. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा वैध ठरवला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटला ऐकायला नकार दिला.

‘ओक्लाहोमाचा नागरिक जास्त भरतो आणि बेकायदा मुलगा कमी, हे कसं चालेल?’ याचं उत्तरही इथेच आहे. ओक्लाहोमाच्या मुलाला ओक्लाहोमात इन-स्टेट फी आहे. डॅलसमध्ये वाढलेल्या मुलीला टेक्सास सोडून दुसरं कुठलं राज्य आहे?

टेक्सासचा कायदा कॅलिफोर्नियाइतका काटेकोर लिहिलेला नव्हता, हे मान्य करावंच लागेल. त्यात हायस्कूलबरोबर रहिवासाचीही अट होती, त्यामुळे कलम ५०५ च्या कसोटीवर तो उतरतो का, हा खरोखरच वादाचा प्रश्न होता. पण तो वाद झालाच नाही. २ जून २०२५ ला टेक्सास विधिमंडळाचं अधिवेशन संपलं. कायदा रद्द करणारं विधेयक त्या अधिवेशनात आलं होतं, मतदानापर्यंत पोचलं नाही. दोन दिवसांनी केंद्राच्या न्याय विभागाने टेक्सासवर खटला भरला. कायद्याचं रक्षण करणं ज्यांचं काम, त्या टेक्सासच्या ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) केन पॅक्स्टन यांनी त्याच दिवशी फिर्यादीचं म्हणणं मान्य केलं. आणि केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश रीड ओ’कॉनर यांनी त्याच दिवशी कायमची मनाई दिली. विरुद्ध बाजूने बोलायला न्यायालयात कुणीच नव्हतं. ज्यांचं आयुष्य यात होतं त्या विद्यार्थ्यांच्या गटाने नंतर ‘आम्हाला बाजू मांडू द्या’ म्हणून अर्ज केला, तोही फेटाळला गेला. ‘न्यायालयाने ठरवलं’ असं जो कुणी लिहितो त्याने हे नीट पाहावं. दोन्ही पक्षांचं संगनमत असलेल्या खटल्यातला आदेश आणि दोन्ही बाजू ऐकून दिलेला निवाडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याविरुद्ध कधी असा खटला चालला तर आपण काय म्हणू?

‘पैसा आपल्या कराचा.’

त्यांच्याही कराचा आहे. वॉशिंग्टनच्या कर व अर्थधोरण संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये कागदपत्रं नसलेल्या लोकांनी ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, त्यातले ३७.३ अब्ज राज्यांना आणि स्थानिक संस्थांना गेले. टेक्सासमध्ये तर राज्याचा आयकरच नाही. सरकारी तिजोरी विक्रीकर आणि घरपट्टीवर चालते. दुकानात गेलात की विक्रीकर भरलात, भाड्याने राहिलात की घरमालकाच्या घरपट्टीचा वाटा भरलात. व्हिसा कोण विचारतो?

खर्चाची बाजूही सांगतो. टेक्सासच्या रिपब्लिकन महालेखापाल कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता. राज्य सरकारला २००५ मध्ये या लोकांकडून १.५८ अब्ज मिळाले आणि त्यांच्यावर १.१६ अब्ज खर्च झाले. स्थानिक संस्थांना मात्र दवाखाने आणि पोलीस यांपायी तोटा झाला. सरकारी विद्यापीठांना मिळणारा सरकारी पैसा मुख्यतः राज्याकडून येतो, हे इथे ध्यानात घ्या.

आणि सगळ्यात मोठा खर्च तर आधीच झालेला असतो. १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या टेक्सासच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की या मुलांना सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. टायलर गावच्या शाळा त्यांच्याकडून वर्षाला हजार डॉलर मागत होत्या. म्हणजे बालवाडीपासून बारावीपर्यंत राज्य त्यांच्यावर पैसा घालतंच. तो घातल्यावर, नर्स किंवा शिक्षिका व्हायला दोन-चार वर्षं उरलेली असताना, स्वतःची फी स्वतः भरायला तयार असलेल्या मुलीला दारातून परत पाठवायचं, यात करदात्याचा फायदा कुठला?

‘जागा आपल्या मुलांच्या जातात.’

प्रवेश गुणांवर आणि शाळेतल्या क्रमांकावर होतो, फीचा दर नंतर लागतो. कम्युनिटी कॉलेजात तर बहुतेक अभ्यासक्रमांना येईल त्याला प्रवेश असतो.

‘आपला त्यांच्याशी संबंध काय?’

प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजाने २०२२ मध्ये अमेरिकेत कागदपत्रं नसलेले भारतीय सव्वासात लाखांच्या आसपास होते. अमेरिकी सरकारचा स्वतःचा अंदाज याहून बराच कमी, सुमारे २ लाख २० हजार. कमी आकडा धरला तरी ते लाखोंनी आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना हातकड्या घालून अमृतसरला उतरलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. सगळेच सीमा ओलांडून आलेले नसतात. नोकरी जाते, व्हिसाच्या नियमाने मिळणाऱ्या साठ दिवसांत दुसरी मिळत नाही, मुलांची परीक्षा महिन्यावर आलेली असते, आणि एखादं कुटुंब मुदत उलटून राहतं. अशी घरं आपल्या गणेशोत्सवात रांगेत उभी असतात. बोलत नाहीत, एवढंच.

आदेशानंतर टेक्सासच्या कॉलेजांवर काम आलं ते देशात ‘कायदेशीर उपस्थित’ कोण हे ठरवायचं, तेही सुरुवातीला आपापल्या समजुतीप्रमाणे. ज्याचा दर्जा बदलाच्या अर्जात अडकला आहे, ज्याच्या मंजुरीचं पत्र अजून आलेलं नाही, त्या मुलांनाही आता कागद दाखवावे लागतात. वयाबाहेर जाणारी आपली मुलं नेमकी याच अवस्थेत महिनोन् महिने असतात.

टेक्सासचं विधिमंडळ दर विषम वर्षी जानेवारीत भरतं. २०२७ मध्ये ते कॅलिफोर्नियासारखा, हायस्कूलवर आधारलेला, व्हिसा न पाहणारा कायदा करू शकतं. मत देण्याचा हक्क ज्यांना आहे त्यांनी आपल्या आमदाराला तसं पत्र लिहावं, आणि त्याच पाकिटात खासदारासाठी वयाबाहेर जाणाऱ्या मुलांच्या विधेयकाचं दुसरं पत्र घालावं. ज्यांना मताचा हक्क नाही, त्यांनी निदान तो मजकूर पुढे पाठवू नये.